प्रश्नचिन्हानंतरचा नकाशा

तर झालं असं की, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पुराने थैमान घातलं होतं. मी पुण्यात, चौथ्या मजल्यावर, सुखरूप. माझा मामेभाऊ सांगलीजवळच्या गावात, मामीला आणि दोन म्हशींना घेऊन गाव सोडायच्या तयारीत. रात्री अकराला दादाचा फोन आला. "आरं, तू कॉम्प्युटरवाला न्हवं का? कुठला रस्ता चालू हाय तेवढं बघून सांग की."

आता कॉम्प्युटरवाल्याला असं कुणी विचारलं की छाती जरा फुगतेच. शोधाशोध केल्यावर पुराचा एक नकाशा सापडला. जिल्हा निवडा, तालुका निवडा, मग 'पाण्याखालचे रस्ते' हा लेयर चालू करा. पाच मिनिटांत मला हवं ते पडद्यावर होतं. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला आणि दादाला पाठवून दिला. दोन मिनिटांनी त्याचं उत्तर: "आख्खा महाराष्ट्र दिसतोय. रस्तं-बिस्तं काय न्हाई."

मी निवडलेला जिल्हा, तालुका, लेयर यातलं काहीच त्या पत्त्यात नव्हतं. शेवटी मी पडद्याचा फोटो पाठवला. दादा त्या रस्त्याने बाहेर पडला, सगळे नीट पोचले. पण गोष्ट इथे संपत नाही. दोन दिवसांनी तोच फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर परत आला, खाली ओळ जोडून: "आत्ताचा नकाशा, सर्वांना पाठवा." तोपर्यंत त्यातला 'चालू' रस्ता पाण्याखाली गेलेला. दादाच्या शेजाऱ्यांचा टेंपो त्या फोटोच्या भरवशावर निघाला आणि पाणी बघून मागे फिरला. कुणाला काही झालं नाही. पण फोटो मी काढलेला होता, हे काही मनातून जाईना.

नकाशा कोणाचा होता ते सांगत नाही. बिचाऱ्यांनी घाईत, रात्री जागून केलेला असणार. आणि दगड मारायला माझा हात काही स्वच्छ नाहीये, ते पुढे येईलच. मला छळणारा प्रश्न वेगळा होता. नकाशावर काय निवडलंय ते पत्त्यातच लिहायचं, ही युक्ती वेबवर पहिल्यापासून आहे. मग ती आपण पुन्हा पुन्हा का हरवून बसतो? पुढचे कितीतरी वीकेंड याच्या मागे घालवले, त्याचं हे सार.

आधी अगदी थोडक्यात प्राथमिक धडा. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. वेबच्या पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या अलीकडे असतं ते घर आणि पलीकडे असतो तो निरोप. निरोपात 'नाव = किंमत' अशा जोड्या, आणि दोन जोड्यांमध्ये &. म्हणजे 'तालुका=मिरज & लेयर=रस्ते' असं काहीतरी. यातल्या प्रत्येक जोडीला पॅरामीटर म्हणायचं. महत्त्वाची गोष्ट अशी की वेबचा सर्व्हर मुळातच विसराळू आहे. मघाशी तुम्हीच आला होतात हे त्याला आठवत नाही. त्यामुळे दर वेळी जे हवं ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. हा विसराळूपणा हीच या गोष्टीची किल्ली आहे.

आता चला १९९३ मध्ये. झेरॉक्स म्हटलं की आपल्याला चौकातलं दुकान आठवतं, पण त्या कंपनीची कॅलिफोर्नियात पार्क नावाची नामांकित प्रयोगशाळा होती. माऊस आणि खिडक्यांवर चालणारं कॉम्प्युटिंग जिथे वयात आलं, तीच. तिथल्या स्टीव्ह पुट्झ नावाच्या संशोधकाने जून १९९३ मध्ये वेबवर एक 'मॅप व्ह्यूअर' ठेवला. त्या वेळी मोझॅक ब्राउझर जेमतेम काही महिन्यांचा होता. जावास्क्रिप्ट जन्मायची होती, कुकी नव्हती, गूगल तर नव्हतंच. ब्राउझरला दोनच गोष्टी येत होत्या: पान दाखवणं आणि लिंकवर क्लिक झालं की दुसरं पान मागणं. एवढ्या सामग्रीत हलता-फिरता नकाशा कसा करणार?

पुट्झने काय केलं, तर नकाशाची सगळी अवस्था पत्त्यात कोंबली. मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश, किती मोठा भाग, नद्या दाखवायच्या की नाही, सीमा दाखवायच्या की नाही, सगळं पत्त्यातच. 'मोठं करा' ही लिंक म्हणजे तोच पत्ता, फक्त एक आकडा बदललेला. 'नद्या दाखवा' ही लिंक म्हणजे तोच पत्ता, फक्त एक शब्द वाढवलेला. चित्रावर कुठेही क्लिक केलं की ब्राउझर क्लिकच्या जागेचे दोन आकडे प्रश्नचिन्हापुढे लावून पाठवायचा. सर्व्हर तो पत्ता वाचून नवीन चित्र काढायचा आणि सगळं विसरून जायचा.

याचा फायदा पाहा. तुम्ही नकाशावर कुठेही पोचलात तरी त्या क्षणाला स्वतःचा पत्ता असे. तो वहीत लिहा, मित्राला ईमेल करा, स्वतःच्या पानावर लिंक म्हणून लावा. उघडला की तोच नकाशा. पुट्झने याबद्दलचा निबंध मे १९९४ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेत मांडला. म्हणजे दादाला २०१९ मध्ये जे मिळालं नाही ते १९९३ च्या नकाशाने दिलं असतं. (त्यात सांगलीचे रस्ते नव्हते, ही बारीकशी अडचण सोडा. :) )

पुढच्या दोन-चार वर्षांत ही पद्धत रुळली. अमेरिकेच्या जनगणना खात्याने आपल्या टायगर नावाच्या डेटावर असाच नकाशा-सर्व्हर उभा केला. त्याचा पत्ता चित्राच्या जागी आपल्या पानात टाकला की तिथे नकाशा उमटायचा. मिनेसोटा विद्यापीठात, नासा आणि त्या राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याच्या सहकार्याने, १९९० च्या दशकाच्या मध्यात मॅपसर्व्हर तयार झाला. तो आजही जिवंत आहे. त्याच्या पत्त्यात चौकट आणि लेयर तर सांगता येत होतेच, पण एक पाऊल पुढे जाऊन कुठल्या लेयरमधल्या कुठल्या रकान्यात कुठली किंमत शोधायची हेही सांगता येत होतं. म्हणजे नुसतं 'इथला नकाशा दे' नव्हे, तर 'या नावाचा तलाव शोधून दे'. नकाशातली जागा निवडणं आणि नकाशामागचा डेटा निवडणं, दोन्ही एकाच ओळीत आलं.

अडचण एकच होती. प्रत्येक सर्व्हरची बोली वेगळी. कुणी चौकट मागायचा, कुणी मध्यबिंदू आणि रुंदी. यावर ओपन जीआयएस कन्सॉर्शियम या संस्थेने २००० साली वेब मॅप सर्व्हिस, म्हणजे डब्ल्यूएमएस, हे प्रमाण आणलं. लेयर कोणते, शैली कोणती, चौकट कोणती, चित्राची रुंदी-उंची किती, फॉरमॅट काय, या सगळ्याची नावं ठरली. एका देशाच्या सर्व्हरवरच्या नद्या आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या सीमा एकावर एक ठेवता येऊ लागल्या. दोन्ही सर्व्हरना एकमेकांची ओळखही नसताना! पुढे २००५ मध्ये त्याला आयएसओचाही शिक्का मिळाला. इस्रोने २००९ साली सुरू केलेल्या 'भुवन'नेही आपले लेयर याच डब्ल्यूएमएस भाषेत देऊ केले.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. डब्ल्यूएमएसच्या १.१.१ आवृत्तीत चौकट सांगताना आधी रेखांश, मग अक्षांश. १.३.० आवृत्तीत, नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीसाठी, हा क्रम उलटला. मी एकदा भोळेपणाने पत्त्यातला आवृत्तीचा आकडा तेवढा बदलला आणि पुणे गायब! पडदाभर निळंशार. पुण्याचे आकडे म्हणजे साधारण १८.५२ आणि ७३.८६. यांची अदलाबदल केली की तुम्ही पोचता थेट आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या बेअर आयलंडच्या दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवर, समुद्रात. अर्धा दिवस मी सर्व्हरला शिव्या घालत होतो. सर्व्हर बिचारा मी विचारलं तेच दाखवत होता.

आता माझ्या पापाची पाळी. माझ्या पहिल्यावहिल्या नोकरीत, २००७ च्या सुमारास, आम्ही एका शहराच्या पाण्याच्या पाइपलाइनचा नकाशा वेबवर आणला. तोपर्यंत वेबने आपला विसराळूपणा झाकायला कुकी आणि सेशन नावाच्या गोष्टी शोधल्या होत्या. कोणी काय निवडलंय ते सर्व्हरच लक्षात ठेवणार, पत्ता कसा छोटा आणि सुंदर राहणार! वर इंटरनेट एक्स्प्लोररला २,०८३ अक्षरांहून लांब पत्ता चालत नसे, हे आणखी एक कारण मिळालं. मी मोठ्या अभिमानाने सगळी निवड सेशनमध्ये टाकली. तिथल्या एका साहेबांनी गळक्या लाइनचा नकाशा उघडला, पत्ता कॉपी केला आणि वरिष्ठांना पाठवलेल्या टिपणात लिहिलं: 'सोबत नकाशाची लिंक जोडली आहे.' वरिष्ठांनी दुपारी उघडली तर 'आपले सेशन संपले आहे'. साहेबांनी मला बोलावून शांतपणे एवढंच विचारलं, "मला दिसलं ते त्यांना दिसणार नसेल, तर ही लिंक कसली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वर्षांनी दादाने वेगळ्या शब्दांत तेच विचारलं.

माझ्यासारखे हुशार जगभर होते, एवढाच काय तो दिलासा. कारण त्याच काळात नकाशांची दुनिया उलटीपालटी होत होती. ८ फेब्रुवारी २००५ ला गूगल मॅप्स आलं. लार्स आणि जेन्स रासमुसेन या भावांच्या सिडनीतल्या छोट्या कंपनीतून त्याची सुरुवात झालेली. पान न बदलता नकाशा माऊसने ओढता येतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही अख्खं ऑफिस एका मॉनिटरभोवती जमलो होतो! पण पान बदलत नाही म्हणजे पत्ताही बदलत नाही. तुम्ही नकाशा पुण्यापासून पॅरिसपर्यंत ओढत नेलात तरी वरच्या पट्टीत तेच. गूगलला हे कळत होतं, म्हणून त्यांनी कोपऱ्यात 'या पानाची लिंक' असं एक बटण ठेवलं. ते दाबलं की मध्यबिंदू, विस्तार, शोधलेला शब्द वगैरे सगळं पत्त्यात उतरायचं. ज्या गोष्टी १९९३ मध्ये आपोआप मिळायच्या, त्यांच्यासाठी आता बटण दाबावं लागायला लागलं.

त्याच वर्षी दोन गमतीशीर घटना घडल्या. एप्रिलमध्ये पॉल राडेमाकर याने गूगलचा नकाशा आतून कसा चालतो ते उकलून त्यावर क्रेग्सलिस्टवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती टाकल्या: हाउसिंगमॅप्स. मे महिन्यात एड्रियन होलोवाटी याने शिकागो पोलिसांनी प्रसिद्ध केलेली गुन्ह्यांची माहिती नकाशावर आणली: शिकागोक्राइम. गूगलने बाहेरच्यांसाठी अधिकृत सोय दिली ती यानंतर, जूनमध्ये. होलोवाटीच्या कामातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे नुसता नकाशा नव्हे, तर पत्ते. गुन्ह्याचा प्रत्येक प्रकार, प्रत्येक रस्ता, प्रत्येक वॉर्ड यांना स्वतःचं पान आणि स्वतःचा पत्ता. आपल्या गल्लीत काय झालं, हे शेजाऱ्याला एका लिंकमध्ये सांगता येत होतं. जुलैमध्ये लोकांसाठी खुली झालेली जँगो ही वेब बांधणीची चौकट यानेच सहकाऱ्यांबरोबर घडवलेली. तिच्यात पत्ते कसे दिसावेत हे आधी विचारपूर्वक लिहावं लागतं, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपने (सुरुवात २००४) सुरुवातीपासून 'पर्मालिंक' ठेवली, आणि २०१३ च्या सुमारास ती # च्या पलीकडे हलवली. झूम, अक्षांश, रेखांश, बस. नकाशा हलवाल तसे आकडे आपोआप बदलतात. # ची खुबी अशी की त्याच्या पलीकडचा मजकूर ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, स्वतःपाशी ठेवतो. एचटीएमएल५ बरोबर २०१०-११ पासून ब्राउझरमध्ये पान न बदलता पूर्ण पत्ताच बदलायची सोयही येत गेली. म्हणजे 'ओढता येणारा नकाशा की पाठवता येणारा पत्ता' हा झगडा तंत्राच्या बाजूने केव्हाच मिटलाय. नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडून पाहा: लेयर, चौकट आणि तारीख, तिन्ही पत्त्यात. पावसाळ्यात सांगलीवर ढगांखेरीज फारसं काही दिसत नाही, पण ते ढग कुठल्या तारखेचे आहेत ते मात्र पक्कं लिहिलेलं असतं.

मग सगळंच पत्त्यात टाकावं का? इथे नाण्याची दुसरी बाजू बघायला हवी. पत्त्यात लिहिलेलं कुणालाही वाचता येतं आणि, त्याहून महत्त्वाचं, कुणालाही बदलता येतं. जिथे पॅरामीटर थेट डेटाबेसच्या प्रश्नात मिसळतो तिथे आडून शिरायला वाट मिळते. मॅपसर्व्हरला यासाठी पत्त्यातून येणाऱ्या किमती नियमात बसतात का ते तपासण्याची सोय करावी लागली, आणि पुढे ती सक्तीचीच झाली. जिओसर्व्हर हा दुसरा लोकप्रिय मुक्त सर्व्हर. त्यात पत्त्यातूनच 'अमुक अटीत बसणाऱ्याच गोष्टी दाखव' असा गाळणीचा पॅरामीटर देता येतो. फार सोयीचा! पण फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालं की याच गाळणीतून काही प्रकारच्या डेटाबेसमध्ये नको त्या आज्ञा घुसवता येत होत्या. दुरुस्ती तयार होतीच, पण जगभरच्या लोकांना धावपळ करून सर्व्हर अद्ययावत करावे लागले.

आमच्या पाइपलाइनच्या नकाशातही हेच झालं. साहेबांच्या त्या प्रश्नानंतर मी सेशन काढून सगळं पत्त्यात टाकलं आणि जरा जास्तच टाकलं. एका कनिष्ठ सहकाऱ्याने गंमत म्हणून वॉर्डाचा आकडा एकाने वाढवला आणि त्याला जो वॉर्ड दिसायला नको होता तिथल्या ग्राहकांची थकबाकी दिसायला लागली. नशीब, तो ऑफिसातलाच होता. त्या दिवशी एक गोष्ट कायमची शिकलो: पत्ता म्हणजे विनंती, परवाना नव्हे. काय हवंय ते पत्त्याने सांगावं. ते द्यायचं की नाही हे सर्व्हरने दर वेळी, नव्याने ठरवावं. आणि ज्या गोष्टी कुणाच्याच हाती पडू नयेत, ग्राहकाचं नाव, घराचा नेमका बिंदू, पासवर्ड, त्या पत्त्यात असूच नयेत. कारण पत्ते फॉरवर्ड होतात, सर्व्हरच्या नोंदींत पडून राहतात, ब्राउझरच्या इतिहासात वर्षानुवर्षं सापडतात.

हे धोके खरे आहेत. पण मला वाटतं, आम्ही लोक निवड पत्त्याबाहेर ठेवतो ती बहुतेक वेळा सुरक्षेसाठी नव्हे. 'पाण्याखालचे रस्ते' यात गुपित काय असणार? ठेवतो ती आळसापोटी. करणारा एकटाच बसून ॲप तपासतो. त्याला सगळं दिसत असतं, कारण निवड त्याने स्वतःच नुकतीच केलेली असते. दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या फोनवर, अर्ध्या रेंजमध्ये काय दिसेल हे तपासायचं राहून जातं. पुट्झकडे या आळसाची चैनच नव्हती. त्याच्या वेबला आठवण नव्हती, म्हणून त्याला दर वेळी सगळं लिहावंच लागलं. आम्हाला आठवण मिळाली आणि आम्ही लिहिणं सोडून दिलं.

आणि लिंक चालली नाही की लोक फोटो काढतात. फोटो आणि लिंक यातला फरक मला त्या टेंपोने शिकवला. फोटो हे उत्तर असतं, एकदा दिलेलं, तिथेच थिजलेलं. लिंक हा प्रश्न असतो. ज्याच्या हाती पडेल तो पुन्हा विचारतो आणि त्याला त्या वेळचं उत्तर मिळतं. 'मिरज तालुका, पाण्याखालचे रस्ते' एवढा प्रश्न त्या दिवशी ग्रुपवर फिरला असता, तर दोन दिवसांनी उघडणाऱ्याला दोन दिवसांनंतरचं पाणी दिसलं असतं.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. कुठलाही नकाशा करून झाला की त्याचा पत्ता आधी दादाला पाठवायचा. त्याचा फोन जुना, रेंज यथातथा, आणि त्याला माझ्या कौतुकाची अजिबात घाई नाही. गेल्या महिन्यात एक पाठवला. उत्तर आलं: "दिसतंय. पण कधीचं हाय ते कुठं लिवलंय?" पत्त्यात तारीख टाकली होती, पडद्यावर लिहायची राहिली होती. आज शनिवार, तेच करत बसलोय.